‘बसायचं’ कधी ठरतं?

लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद. पनवेलच्या आसपासचं कुठलंही गाव धरा, विचुंबे, आकुर्ली, नेरे. पुढे डीजे दणाणतोय, चुलीवर मटणाचा टोप आहे, आणि मांडवाच्या मागच्या अंगाला प्लास्टिकच्या खुर्च्यांचं एक वेगळं रिंगण पडलंय. त्या रिंगणात आठवी-नववीतला एक मुलगा सारखा ये-जा करतोय. हातात स्टीलचं पातेलं, पातेल्यात बर्फ. काकाला दोन खडे, मामाला सोडा, आत्याच्या यजमानांना नुसतं पाणी. “अरे, भरू नको, दोन बोटं जागा ठेव!” चकण्याची प्लेट रिकामी झाली की आतून शेंगदाणे, चिरलेला कांदा, लिंबू. साडेदहा वाजेपर्यंत कोण काय घेतो, कशात घेतो, कितव्या ग्लासानंतर कुठला काका गातो आणि कुठला रडतो, हे सगळं त्या पोराला पाठ झालेलं असतं. त्याने स्वतः थेंबाला हात लावलेला नसतो. आणि त्याची आई मला शाळेत अभिमानाने सांगते, “बाई, आमचा तर वाससुद्धा घेत नाही.”

त्या माऊलीचं खरंच असतं. पण मुलाचं अर्धं शिक्षण त्या पातेल्यासोबतच झालेलं असतं.

मी पनवेलमध्ये शाळेत शिकवते आणि पालकांशी या विषयावर बोलण्याचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे. हळदीचं उदाहरण दिलं की खारघर-कामोठ्याच्या टॉवरमधले पालक जरा सैल होऊन बसतात, हे आपल्याबद्दल नाही म्हणून. त्यांनी उगाच सैल होऊ नये. सोसायटीच्या गच्चीवरचा थर्टी फर्स्ट, फार्महाऊसवरचा वाढदिवस, ऑफिसातले मित्र घरी आल्यावरची शनिवारची रात्र, सगळीकडे बर्फ आणून देणारं कुणीतरी लहान असतंच. गटारीला तर जातपात, गाव-शहर असा काही भेद उरत नाही. घराघरांत दिवे पुजायची ती दीप अमावास्या. आजच्या मुलांना तिचं हे नाव निदान माहीत तरी आहे का, एकदा विचारून बघा.

आपली भाषाही काय गंमत करते पाहा. ‘बसणे’ या निरुपद्रवी क्रियापदात आपण अख्खी दारू लपवली आहे. “काय, आज बसायचं का?” या प्रश्नात दारू हा शब्दच नाही. घरातलं सहा-सात वर्षांचं मूल मात्र ‘बसायला या’ आणि ‘आज बसू या’ यातला फरक बरोबर ओळखतं. दुसऱ्या वाक्यात बाबांचा आवाज खुलतो, एवढं त्याला पुरतं.

माणूस एखादी गोष्ट करायचं मनात कसं धरतो, यावर आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेला विचार सोपा आहे, आणि किशोरांच्या पिण्यावर जगभर काम करणाऱ्यांनी तो भरपूर वापरला आहे. तीन गोष्टी जमून येतात. ही गोष्ट मला कशी वाटते, माझ्या माणसांना ती कशी वाटेल, आणि ती माझ्या हातात कितपत आहे. बर्फवाल्या मुलाला लावून बघा. पिणं म्हणजे मजा, हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या माणसांना काय वाटेल? तीच तर पीत बसली होती. हातातली गोष्ट आहे का? बाटली कुठे ठेवतात ते त्यालाच ठाऊक आहे. तिन्ही उत्तरं त्याला आपणच दिली, तीही कौतुकाने.

पण माझ्या अनुभवात याच्याही पुढची एक गोष्ट जास्त कामाची ठरली आहे. पकडल्या गेलेल्या मुलांशी बोलताना एक वाक्य हमखास येतं: “बाई, ठरवलं नव्हतं.” पूर्वी मला ही शुद्ध थाप वाटायची. आता वाटत नाही. पावसाळ्यात गाढेश्वरच्या बाजूला चौघं भिजायला जातात. कुणाचा तरी मोठा चुलतभाऊ बाईकवर येतो, त्याच्या सॅकमध्ये बिअरचे चार टिन असतात. तीन मुलं टिन हातात घेतात, चौथा क्षणभर थांबतो आणि घेतो. त्या सकाळी घरातून निघताना “आज पिणार आहेस का?” असं विचारलं असतं, तर चौघांनी शपथेवर नाही म्हटलं असतं, आणि ती शपथ खोटी नसती. फ्रेडरिक गिबन्स आणि मेग जेरार्ड या अमेरिकी संशोधकांनी नेमका हाच फरक दाखवला. पिण्याचा बेत वेगळा, आणि प्रसंग आला तर घेण्याची तयारी वेगळी. या वयात बेतापेक्षा तयारीच जास्त वेळा दगा देते.

याला मेंदूचीही साथ आहे. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी किशोर, तरुण आणि मोठी माणसं अशा तीन गटांना गाडी चालवण्याचा एक व्हिडिओ गेम खेळायला दिला. कुणाला एकट्याने, कुणाला दोस्त शेजारी बसवून. दोस्त बघत असताना किशोरांनी एकटं असतानापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. मोठ्यांच्या खेळात फारसा फरक पडला नाही. म्हणजे घरी, एकटं असताना, तुमच्यासमोर जो शहाणा मुलगा बोलतोय तो खोटा नसतो. फक्त गाढेश्वरला वेगळा मुलगा जातो.

म्हणून पालकांना माझं पहिलं सांगणं असं की “तू पिणार नाहीस ना?” हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर ठरलेलं आहे आणि ते कुणाच्याच कामाचं नाही. त्याऐवजी प्रसंगाबद्दल विचारा. कुठे जाताय, बरोबर कोण आहे, तिथे मोठं माणूस कोण असेल, आणि परत कसं येणार? मग एक पायरी पुढे: “समजा तिथे कुणी बाटली काढलीच, तर तू काय म्हणशील?” मुलं हसतात, खांदे उडवतात. हसू द्या, पण वाक्य तोंडातून वदवून घ्या. नाटकाची तालीम घेतो तशी घ्या. चार मित्रांत “दारू वाईट असते” असं कुणी म्हणत नाही. म्हणालाच तर पुढची दोन वर्षं त्याला ‘महाराज’ म्हणतील. चालणारी वाक्यं छोटी आणि जरा निर्लज्ज असतात. “गोळ्या चालूयेत.” “उद्या सकाळी मॅच आहे.” “बाप घ्यायला येतोय, तोंड हुंगतो माझं.” शेवटचं सगळ्यांत उत्तम चालतं, कारण त्यात दोष बापाच्या माथी जातो आणि पोराची इज्जत राहते. बापांनी हा दोष आनंदाने घ्यावा. आणि हातात काहीतरी असू द्यावं, कोल्ड्रिंकचा ग्लास का होईना. रिकाम्या हाताला लोक सारखे विचारत राहतात.

आता “सगळेच घेतात” हे वाक्य. वर्गात मी एक साधा खेळ घेते. सगळ्यांनी नाव न लिहिता चिठ्ठीवर दोन उत्तरं द्यायची. तुझ्या वयाच्या किती जणांनी दारू चाखली असेल, आणि तू चाखली आहेस का? पहिल्या प्रश्नाची उत्तरं अर्ध्या वर्गाच्या पलीकडे जातात. दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे मोजके निघतात. चिठ्ठ्या वाचून दाखवल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तेवढी माझ्या कुठल्याच भाषणाने कधी पसरलेली नाही. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात १० ते १७ वयातल्या दारू पिणाऱ्या मुलांचं प्रमाण १.३ टक्के निघालं. घरी येऊन विचारणाऱ्या माणसाला किती पोरं खरं सांगतील, हा प्रश्न आहेच. चौपट धरा. तरीही ते ‘सगळे’ होत नाहीत. घेणारा आवाज करून घेतो, फोटो टाकतो. न घेणारा गप्प बसून चिप्स खातो, म्हणून तो मोजलाच जात नाही. हे मुलांना सांगताना आवाज चढवू नका, नुसता हिशोब मांडा. आणि तुम्ही स्वतः “हल्लीची सगळी पोरं बिघडलीत” हे पालुपद बंद करा. तुमचं मूल ते ऐकत असतं, आणि ‘सगळे’ हा शब्द उचलतं.

घरात बाप पिणारा असेल तर त्याने काय करावं, हा प्रश्न सभेत कुणी विचारत नाही. सभा संपल्यावर जिन्यात विचारतात, बहुतेक वेळा आया विचारतात. सोडली तर उत्तमच. पण सोडेपर्यंत निदान तीन पथ्यं पाळता येतात. बर्फ, सोडा, चकणा मुलांकडून मागवायचा नाही, स्वतः उठायचं. “आज फार दमलो, डोकं उठलंय, जरा घेतो” असं कारण मोठ्याने द्यायचं नाही, कारण त्यातून मूल शिकतं की ताणावर औषध बाटलीत असतं, आणि दहावीचा ताण त्यालाही आहेच. आणि आपल्या पिण्याचे पराक्रम रंगवून सांगायचे नाहीत. गोव्याच्या ट्रिपला कोण कसा पडला, ही गोष्ट तुम्हाला विनोदी वाटते. पोराला तो मोठं होण्याचा नकाशा वाटतो.

काही सुशिक्षित घरांत वेगळाच विचार आढळतो. बाहेर चोरून पिण्यापेक्षा आपल्यासमोर घरीच थोडी चाखवावी, म्हणजे आकर्षण संपेल. ऐकायला पटतं. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलांचा सहा वर्षं माग ठेवून हे तपासलं गेलं आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये छापून आले. आईवडिलांनी दारू दिल्याचा बचाव म्हणून काही फायदा दिसला नाही. उलट त्या मुलांना बाहेरूनही मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली. सुरुवात जितकी लवकर तितका धोका मोठा, हे अमेरिकेत १९९७ मध्येच एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं. पंधराव्या वर्षाआधी सुरू करणाऱ्यांत पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण विशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या सुमारे चौपट होतं. तेव्हा घरात चाखवण्याचा मोठेपणा नको.

पडद्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. एकच सुचवते. दारूची जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून कंपन्या त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचं पाणी, त्याच नावाच्या संगीताच्या सीडी विकतात. क्रिकेट बघताना मुलाला विचारा, “हा सोडा आपल्या वाण्याकडे कधी पाहिलास का रे?” आपल्याला कुणीतरी मामा बनवतंय, हे या वयाला मुळीच आवडत नाही. त्या रागाचा उपयोग करून घ्या.

मुलींचं वेगळं नाही, फक्त बाटली रंगीत असते. “त्यात काही नसतं गं, सरबतासारखंच” असं म्हणून फळांच्या चवीचं पेय हातात दिलं जातं. त्यात दारू असते, हे आईने लेकीला आधीच सरळ सांगावं. आणि तिने कधी चाखलंच असेल, तर चारित्र्याचा खटला उभा करू नये. त्या खटल्याच्या भीतीने मुली संकटातही घरी फोन करत नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ आणि बिअरसाठी २१ आहे, शिवाय पिणाऱ्याकडे परवाना हवा. हा परवाना किती जणांच्या खिशात असतो, हे काउंटरवर उभं राहून बघा, आणि मग मुलं कायद्याला का हसतात हे विचारू नका. पण एक कलम हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७७: अठराखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यात दुकानदार येतो तसा टिन घेऊन येणारा चुलतभाऊही येतो. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. चालवणाऱ्या मुलाला अठरा पूर्ण नव्हती, आणि ती रात्र बारावीच्या निकालाच्या पार्टीची होती. सगळ्या महाराष्ट्राला त्या मुलाला जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध लक्षात राहिला. मला लक्षात राहिली ती निकालाची पार्टी, कारण तसल्या पार्ट्या इथेही होतात. विमानतळाने आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटने काही घरांत एकदम पैसा आला आहे, आणि अठराखालच्या मुलाच्या हातात बुलेटची चावी देणं हा लाड समजला जातो. मोटार वाहन कायद्याच्या १९९ अ कलमात त्या लाडाची किंमत पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी लिहिलेली आहे. निकालाच्या महिन्यात पैसे, चावी आणि रात्रीची परवानगी या तीन गोष्टी एकदम देऊ नका. एखादी द्यायचीच तर द्या.

बारविरुद्धच्या लढाया पनवेलने पाहिल्या आहेत. २००५ मध्ये डान्सबारबंदीची घोषणा विधानसभेत झाली ती पनवेलचे तेव्हाचे आमदार विवेक पाटील यांनी विषय लावून धरल्यावर. खारघरमध्ये दारूची दुकानं नकोत म्हणून रहिवाशांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, रस्त्यावर उतरले. ते योग्यच आहे. कोपऱ्यावर दुकान असणं आणि नसणं यात फरक पडतो. पण दुकान हटलं तरी संध्याकाळ उरते. आईबाबा दोघंही हार्बर लोकलने मुंबईला जाणारे, घरी यायला साडेआठ-नऊ. क्लास सहाला सुटतो. मधल्या अडीच-तीन तासांत मूल आणि रिकामा फ्लॅट. हा रिकामा वेळ कसा भरता येतो, ते आइसलंडकडे बघून कळतं. तिथे १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली असत. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी मुलांना लिव्हरची चित्रं दाखवत बसण्यापेक्षा खेळ, संगीत, नाच यासाठी पैसे दिले, रात्री बाहेर राहण्याची वेळ ठरवली आणि आईवडिलांना मुलांबरोबर रोजचा वेळ काढायला सांगितलं. त्यांच्याकडे सरकारने खर्च केला, आपल्याकडे तो भार घरावर येतो, हे मान्य. तरी एखादा तबला, एखादी कबड्डी, एखादं कर्नाळ्यावर नेणारं मित्रमंडळ शोधणं अशक्य नाही. आणि बोलायचंच असेल तर समोरासमोर बसवून बोलू नका, त्याला चौकशी वाटते. वडाळे तलावाला दोघांनी एक फेरी मारा. शेजारी चालताना मुलं जास्त बोलतात, नजर मिळवावी लागत नाही म्हणून.

एवढं करूनही एखाद्या रात्री मूल पिऊन घरी येईल. त्या रात्री भाषण नको. त्याला ते सकाळी आठवणारही नाही. कुशीवर झोपवा, उताणं नको, उलटी घशात अडकू शकते. एकटं सोडू नका. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी दारू उतरत नाही. हाक मारून जागं होत नसेल, श्वास फार मंद किंवा तुटक वाटत असेल, अंग गार पडलं असेल तर १०८ ला फोन लावा, शेजारी काय म्हणतील ते नंतर बघू. सकाळी पोट भरल्यावर बोला, आणि पहिला प्रश्न “का प्यायलास?” नको, “काय काय झालं?” हा असू द्या. हे पुन्हा पुन्हा घडत असेल, घरातले पैसे कमी होत असतील, जुने मित्र तुटून नवेच दिसत असतील, तर पाहुण्यांतल्या शहाण्या काकांऐवजी जाणत्याकडे जा. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, दोन्ही मोफत आहेत.

राहिली एक युक्ती, जी मी प्रत्येक पालकाला देते. घरात एक सांकेतिक निरोप ठरवा. मुलाने मेसेजवर एवढंच लिहायचं: “आजीचं बीपी कसंय?” तो आला की आईने किंवा बापाने उलट फोन करून, मित्रांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडायचं, “ताबडतोब घरी ये!” आणि घ्यायला निघायचं. अट एकच: त्या रात्री गाडीत एकही प्रश्न विचारायचा नाही. नवीन पनवेलच्या एका घरात हे ठरवल्यावर महिन्याभरातच निरोप आला, रात्री पावणेअकराला. बाप नाइट ड्रेसवरच स्कूटर काढून खांदा कॉलनीला पोचला. पोरगा मागे बसला आणि पूल ओलांडल्यावर म्हणाला, “दारूबिरू काही नव्हती बाबा. बोअर होत होतं.”